जावयाचं आडनाव फॉस्टर

"मीरा, ऐकलंस का गं? कोपऱ्यावरच्या आजींच्या नातीचं ठरलं."

"कुणाशी?"

"गोऱ्याशी! लंडनचा आहे. आडनाव फॉस्टर."

पोतनीस काकूंनी ही बातमी इतक्या दबक्या आवाजात सांगितली, की पलीकडच्या दोन घरांना ती स्वच्छ ऐकू गेली असावी. आमच्या आणि त्यांच्या अंगणांमध्ये मेंदीचं कुंपण आहे. भाजीचा ठेला येऊन गेला की ते आमचं चावडीचं ठिकाण होतं. काकू शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या. शाळा सुटली, पण शिकवणं सुटलेलं नाही. माझं माहेर धारचं, त्यामुळे राजा भोज आणि पवार मला जन्मजात पाठ असणार, असा त्यांचा ठाम समज आहे.

"मग आजी काय म्हणतात?"

"मुलगा पसंत आहे. पोहे-जिलबी आवडीने खातो म्हणे. पण गोत्र विचारायची सोय नाही, आणि आडनावावरून काही उमगत नाही. शेवटी माझ्याकडे आल्या, 'बाई, हे फॉस्टर म्हणजे नक्की कोण?' म्हटलं, आजी, पूर्वज सरकारी नोकरीतले दिसतात. जंगलखात्यातले!"

"काहीतरीच तुमचं, काकू!"

"काहीतरी नाही. फॉरेस्टर, फॉर्स्टर, फॉस्टर ही बहुतेक एकाच घरातली मंडळी. बोलता बोलता मधली अक्षरं झिजली. पूर्वी तिकडे फॉरेस्ट म्हणजे नुसती झाडी नव्हे हं. राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख, मग त्यात झाडं असोत, माळ असो, नाहीतर कुणाची शेतं. विल्यम राजाने इंग्लंड जिंकलं आणि १०७९ च्या सुमारास न्यू फॉरेस्ट राखून ठेवलं. तिथली हरणं राजाची, हरणं खातात तो पालाही राजाचा. त्यावर पहारा ठेवणारा तो फॉरेस्टर."

"म्हणजे लाकूडफाटा आणायला गेलेल्या बाईची मोळी उतरवून घेणारा?"

"तोच. आणि त्या काळी शिक्षा मोळीवर भागत नव्हती. हरीण मारलं तर हातपाय किंवा जीव गमवायची पाळी. १२१७ मध्ये वनांची वेगळी सनद निघाली, तेव्हा हरणापायी कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही असं राजाकडून लिहून घ्यावं लागलं. आता सांग, गावात हा फॉरेस्टर किती लाडका असेल?"

"हे आजींना सांगितलंत?"

"वेडी आहेस का! ठरलेलं लग्न मोडायचं पाप मी कशाला घेऊ? शिवाय सगळे फॉस्टर जंगलातलेच असं नाही. काही कातऱ्या करणाऱ्यांचे वंशज, काही खोगिराचा लाकडी सांगाडा करणाऱ्यांचे, आणि काही चक्क दुसऱ्याची मुलं सांभाळणाऱ्यांचे. धंदे वेगळे, पण उच्चार जवळजवळ सारखे, म्हणून चौघांचं आडनाव एक झालं. आजींना मी मुलं सांभाळणारा तेवढा सांगितला. त्या खूश होऊन गेल्या."

मी कोथिंबीर निवडत होते, ती बाजूला ठेवली. काकू रंगात आल्या की हात मोकळे असलेले बरे.

"आणि आपल्या देवासला या आडनावाचा माणूस नवा नाही," काकू म्हणाल्या. "थोरल्या पातीच्या महाराजांकडे फॉर्स्टर नावाचा साहेब नोकरीला होता, हे माहीत आहे ना?"

"पुस्तकं लिहिणारा?"

"तोच. एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. पहिल्यांदा १९१२ मध्ये नुसता पाहुणा म्हणून आला, आणि १९२१ मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला. आपल्या टेकडीचंच नाव त्याने पुस्तकाला दिलं, 'द हिल ऑफ देवी', १९५३ चं. गोकुळाष्टमीचा राजवाड्यातला उत्सव इथे डोळे भरून पाहिला आणि 'अ पॅसेज टू इंडिया'च्या शेवटच्या भागात घालून टाकला."

"पण सचिव म्हणजे काम काय करायचा?"

"तीच तर गंमत. बागा बघायच्या, मोटारी बघायच्या, अतिथीगृह बघायचं, वीज तयार करायचं घर बघायचं. आता तूच सांग, आपल्या जुन्या दरबारात ही कामं कोणाची?"

"कारखानिसांची!"

"शाब्बास. अठरा कारखान्यांची यादी आठव. पीलखाना, उष्ट्रखाना, मुदपाकखाना, जिरातखाना, शिकारखाना. हत्तीपासून भांड्यांपर्यंत ज्याची त्याची कोठार-व्यवस्था, आणि तिचा हिशेब लिहिणारा कारखानीस. म्हणजे आडनावाने वनरक्षक असलेला माणूस देवासात येऊन कारखानिशी करत होता. इथेच टिकला असता तर त्याची नातवंडं आज समाजाच्या गणपतीत 'कारखानीस' म्हणून वर्गणी देताना दिसली असती."

"आणि त्याला इथे आणलं कुणी?"

"डार्लिंगने."

"काय?"

"अगं, आडनाव आहे ते! माल्कम डार्लिंग. आयसीएस अधिकारी. तुकोजीराव तरुण असताना त्यांचा शिक्षक होता, आणि फॉर्स्टरचा स्नेही. पुढे पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या कर्जावर त्याने मोठं पुस्तक लिहिलं."

"म्हणजे भर दरबारात शिपाई पुकारायचा, 'डार्लिंगसाहेब आले'?"

"तुला हसायला काय होतंय! ते धंद्याचं आडनाव नव्हे, लाडाचं. आपल्याकडे कुणा घरात लाडोबाचं नाव पुढे चिकटलं तर लोक हसतात, तिकडे त्यावर सह्या करतात."

मला हसू आवरेना. तेवढ्यात समोरून दूधवाला गेला, त्यानेही आमच्याकडे पाहिलं. काकूंनी पदर सारखा केला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणजे आता तास सुरू.

"हे बघ, इंग्रजांची धंद्याची आडनावं दोन तऱ्हांची. एक हातातल्या हत्यारावरून आलेली. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर शिंपी, बेकर भटारी, कार्टर गाडीवान. दुसरी दरबारच्या नाहीतर मठाच्या चाकरीवरून. क्लार्क म्हणजे लिहितावाचता येणारा, आधी पाद्र्यांच्यातला, मग आपला कारकून. स्पेन्सर म्हणजे कोठीतून शिधा काढून देणारा."

"डायनाच्या माहेरचं?"

"हो ना. राजघराण्याची सून माहेरची आपल्या भाषेत कोठीवाली!"

"मग तिकडे इतके स्मिथ कसे झाले? लोहार इतके होते?"

"उलट. लोहार गावाला एकच, म्हणून! शेत सगळेच कसत होते. 'शेतकरी जॉन' म्हटलं तर कोणता जॉन ते कळणार कसं? पण 'लोहार जॉन' म्हटलं की सगळं गाव एकाच घराकडे बोट दाखवणार. प्रत्येक गावात एक, आणि गावं हजारो. सर्वांत जास्त आढळणारं आडनाव झालं ते. आपल्या कुलकर्ण्यांचं तेच. गावाला एक कुलकर्णी, एक पाटील, आणि महाराष्ट्रभर मोजून संपणार नाहीत इतके. त्यांचा एकमेकांशी भाऊबंदकीचा संबंध असेलच असं नाही. दोन स्मिथ भेटले तर कुणी 'आमचे तुम्ही कोण?' विचारत नाही."

"आपले दोन कुलकर्णी मात्र भेटताच विचारतात."

"विचारतात, आणि चहा संपायच्या आत नातं काढतातही! तिकडे ही नावं बारा-तेराव्या शतकापासून पोराला बापाकडून मिळायला लागली, चौदावं संपेपर्यंत बहुतेक घरांची पक्की झाली. पुढे १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला, की प्रत्येक चर्चने लग्न, बाप्तिस्मा आणि दफनाची नोंद ठेवायची. वहीत चढलं ते चढलं. मग बेकरचा पोरगा वकील झाला तरी सहीला बेकरच."

"आपल्याकडे हे काम शाळेच्या दाखल्याने केलं," मी म्हटलं.

"बरोबर. पण आपली गोष्ट आणखी मजेची आहे. आपल्यात चाकरीचं आडनाव आलं, की मूळ आडनाव आत ढकलून दाराला कडी लावतं. नाना फडणवीस मूळचे वेळासचे भानू. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी, ते मूळ चित्रे. पुढे घराणं चिटणीस म्हणूनच नावारूपाला आलं. आणि पेशवे? श्रीवर्धनचे भट. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळालं, आणि नंतर ते पद आहे की आडनाव, हेच लोक विसरले."

आता माझ्या माहेरची पाळी होती. "म्हणूनच तर आमच्या धारच्या किल्ल्यात १७७५ मध्ये जन्मलेलं बाळ पाळण्यातच पेशवा ठरलं," मी म्हटलं. "दुसरे बाजीराव. राघोबादादांच्या आनंदीबाईंना पवारांनी तिथे आसरा दिला होता."

"आणि पुढे त्याने राज्य बुडवलं, तेही धारचंच श्रेय का?"

"काकू!"

"बरं, राहिलं. पण तिकडेही पेशव्यांसारखं एक घराणं आहे. स्कॉटलंडच्या राजवाड्याचा कारभारी, म्हणजे स्ट्यूअर्ड. कारभार पिढीजात झाला, नाव पिढीजात झालं, आणि १३७१ मध्ये त्यातला एक रॉबर्ट थेट राजा झाला. तेच स्टुअर्ट घराणं पुढे १६०३ मध्ये इंग्लंडच्याही गादीवर बसलं. कारभारी गादीवर, आणि आडनाव अजून कारभारीच! आपले पेशवे निदान शेवटपर्यंत साताऱ्याहून वस्त्रं मागवत होते."

"पण काकू, आपली ही आडनावं निम्मी फारशी कशी? शिवाजी महाराजांनी तर सगळे शब्द बदलून घेतले होते ना?"

"बदलले की. राज्यव्यवहारकोश करवून घेतला. मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसाचे सचिव, डबिराचे सुमंत, वाकनिसाचे मंत्री. वरची माणसं बदलली. औंधला प्रतिनिधी राहिले, भोरला सचिव, बावड्याला अमात्य. पण खाली रोज दौत-लेखणी घेऊन बसणाऱ्याला कोण विचारतो? तो 'नवीस' म्हणजे लिहिणारा होता, झिजून 'नीस' झाला. पत्रं लिहितो तो चिटणीस, फारशी पत्रं लिहितो तो पारसनीस, हजेरीपट लिहितो तो सबनीस, वसूल लिहितो तो जमेनीस."

"आणि तिजोरी लिहितो तो पोतनीस," मी कोपरखळी मारली.

"अर्थात!" काकूंची मान ताठ झाली. "पोत म्हणजे खजिना. त्यात आलं किती, गेलं किती, याची नोंद आमच्या घरात."

"मग काकू, देवासच्या महाराजांची तिजोरी रिकामी झाली आणि ते १९३३ मध्ये पाँडिचेरीला निघून गेले, चार वर्षांनी तिथेच वारले, तेव्हा पोतनिसांनी काय नोंदवलं?"

"ती थोरली पाती!" काकू झटकन म्हणाल्या. "आम्ही धाकट्या पातीचे. आमचा पै न् पैचा हिशेब चोख होता."

देवासात हा बचाव कुणालाही, कधीही करता येतो. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार भाऊ पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात आले, आणि एकाच गावात दोन गाद्या झाल्या. पंधरा तोफांची सलामी दोघांनाही. राजवाडे दोन, दरबार दोन, पोलीस दोन. हद्द गावाच्या मधून गेलेली. आजही जुनी माणसं 'बडी पाती, छोटी पाती' म्हणून पत्ता सांगतात. नफा झाला तर आपल्या पातीचा आणि खोट आली तर पलीकडच्या, ही सोय इतर संस्थानांना नव्हती.

"पण हे सगळं आपल्या लोकांचं," मी म्हटलं. "इथल्या माळवी लोकांत?"

"त्यांच्यातही आहेच की. आपण इथे यायच्या आधीपासून परगण्याचा वतनदार मंडलोई होता आणि त्याची दफ्तरं सांभाळणारा कानूनगो. आपल्याकडचे देशमुख-देशपांडे म्हण. इंदूरचे राव नंदलाल मंडलोई घे, नाहीतर मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झालेले खंडव्याचे भगवंतराव मंडलोई. वतनं गेली, नाव आहेच. आणि पारशी तर सर्वांच्या पुढे. त्यांनी थेट साहेबाच्या भाषेतूनच उचललं. नरी कॉन्ट्रॅक्टर, फारुख इंजिनिअर. एक भारताचा कप्तान, दुसरा यष्टिरक्षक."

"म्हणजे ज्याची त्याची मिरवायची पाटी."

"पाटीच. संस्थानं १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली, धार काय, देवास काय. ना फड राहिला ना पोत. पण फडणीस, पोतनीस दारावर आहेतच. माझ्या मुलाला घरखर्चाचा हिशेब जमत नाही, आणि नाव पोतनीस!"

काकू मनमोकळं हसल्या. मला मात्र मघापासून काहीतरी टोचत होतं. बोलावं की नाही, असा विचार करत मी मेंदीची दोन पानं उगाच खुडली.

"काकू, तुम्ही आतापर्यंत जेवढी आपली नावं घेतलीत, ती सगळी लेखणीची."

"म्हणजे?"

"इंग्रजांची सांगताना लोहार, शिंपी, भटारी, गाडीवान सांगितलेत. आपली सांगताना चिटणीस, फडणीस, पेशवे. आपल्याकडे लोहार नव्हते का? सुतार, कुंभार, न्हावी, परीट? तीही आडनावंच आहेत. पण ती कुणी मिरवत नाही."

काकू क्षणभर गप्प झाल्या. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "तिकडे पाद्री स्मिथ असतो, पंतप्रधान थॅचर असते. थॅचर म्हणजे गवताने घरं शाकारणारा. कुणाला त्यात काही वाटत नाही. धंदा सुटला आणि नाव मोकळं झालं."

"आणि आपल्याकडे धंदा सुटला तरी नाव सुटत नाही. नाव सांगितलं की समोरचा आधी जात ओळखतो आणि मग माणसाकडे बघतो. म्हणून तर इथे माळव्यात कितीक सुतार-लोहारांनी विश्वकर्मा लावलं, कुंभारांनी प्रजापत, न्हाव्यांनी सेन. महाराष्ट्रात लोकांनी गावाचं नाव घेऊन 'कर' जोडलं."

"तुमच्यासारखं?" काकूंनी सहज विचारलं, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं.

"आमच्यासारखंच. यांचे पणजोबा थोरल्या पातीच्या बग्गीखान्यात सुतार होते. चाकं करायचे, धुरे करायचे. आजेसासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'सुतार' आहे. नोकरीला लागल्यावर त्यांनी अर्ज केला, फी भरली, आणि गावाचं नाव लावून घेतलं. आमच्या घरात ती गोष्ट कुणी चारचौघांत काढत नाही. लग्न ठरताना मलासुद्धा नंतर कळली."

मला वाटलं, काकू आता विषय बदलतील, भाजीच्या भावावर येतील. त्या कुंपणाच्या आणखी जवळ आल्या.

"बग्गी करणारे? अगं, मग तुम्ही विलायतेत कार्टराइट! राइट म्हणजे घडवणारा, लाकडातून वस्तू उभी करणारा. नुसतं राइट हेही आडनाव आहे. १९०३ मध्ये विमान उडवलं ते कोण?"

"राइट बंधू."

"तर! सायकलींचं दुकान होतं त्या दोघा भावांचं. आडनावाने घडवणारे, आणि खरंच घडवलं. पोतनिसांनी काय केलं? राजाचे पैसे मोजले. एक रुपया स्वतः पाडला का?"

"मघाशी तर मान ताठ होती."

"ती सवयीने होते. ऐक, यंदा गणपतीत महिला मंडळाची ओळखपरेड असते ना, तिथे सांग सरळ. आम्ही मूळचे सुतार, बग्गीखान्याचे. बघू कोण काय म्हणतं ते. मी पहिल्या रांगेत बसते."

"सांगेन. पण एका अटीवर. माझ्यानंतर तुम्ही उभं राहायचं आणि पोतनीस व्हायच्या आधी तुमचं मूळ आडनाव काय होतं ते सांगायचं. नानांचं भानू आपल्याला माहीत आहे, चिटणिसांचं चित्रे माहीत आहे. तुमचं?"

काकूंनी तोंड उघडलं, मिटलं. आत वळून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? आपलं मूळ आडनाव काय हो?"

आतून काकांचा आवाज आला, "कशाचं मूळ? पोतनीसच!"

"त्याच्या आधीचं!"

बराच वेळ काही उत्तर नाही. मग चपला सरपटल्याचा आवाज, आणि काका दारात येऊन उभे. "आजोबा म्हणायचे काहीतरी," ते डोकं खाजवत म्हणाले. "पण ते कधी कुठे लिहून ठेवलेलं नाही."

"बघ," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सगळ्या जगाच्या खजिन्याची नोंद आमच्याकडे, आणि घरच्या नावाची नाही! तुझ्या आजेसासऱ्यांनी निदान नाव टाकल्याचा कागद तरी करून ठेवला."